शांतीचा यात्रिक : पोप संत पॉल सहावे



दरवर्षी १ जानेवारीला, देवमातेच्या सणादिवशी, आपण जागतिक शांती दिनही पाळतो. ही प्रथा १९६८ साली पोप पॉल सहावे यांनी सुरू केली. मुंबईकर ख्रिस्ती घरांत मात्र त्यांची आठवण निघते ती ओव्हल मैदानाबरोबर.

जोव्हानी बात्तिस्ता मोंतिनी यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९७ रोजी इटलीतील ब्रेशा शहराजवळ झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक व पुढे खासदार. १९२० साली ते धर्मगुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात व्हॅटिकनमध्ये असताना युद्धकैदी व निर्वासितांना मदत पोहोचविण्याच्या कामाचा भार त्यांनी वाहिला. युद्ध म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिले होते. २१ जून १९६३ रोजी ते पोप झाले.

१८ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यांनी युगांडाच्या २२ रक्तसाक्ष्यांना संतपद दिले. दीडच महिन्याने, २ डिसेंबरला, ते आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत उतरले. भारतात आलेले ते पहिले पोप. चीन युद्धाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. इथूनच त्यांनी जगातील सर्व राष्ट्रांना विनंती केली की, शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग गरिबांसाठीच्या जागतिक निधीत द्यावा. १९६७ च्या परिपत्रकात त्यांनी मुंबईच्या या आवाहनाची पुन्हा आठवण करून दिली. तसा निधी काही उभा राहिला नाही.

१९६९ साली ते युगांडात कंपाला येथे गेले. आधुनिक काळात आफ्रिकेत गेलेले ते पहिले पोप. तेथील संसदेत राष्ट्रनेत्यांसमोर ते शांतीविषयी बोलले. नायजेरिया व बियाफ्रा यांचे युद्ध तेव्हा पेटले होते, मुले उपासमारीने मरत होती. पोपमहोदय दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना भेटले. तडजोड झाली नाही. युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले.

मग त्यांचे श्रम वाया गेले का? आम्हाला तसे वाटत नाही. नेत्यांनी ऐकले नाही म्हणून त्यांनी शिकवणे सोडले नाही. ६ ऑगस्ट १९७८ रोजी मृत्यू येईपर्यंत दर नववर्षाला ते राज्यकर्त्यांसह सर्वांना शांतीचा संदेश देत राहिले. त्यांच्यानंतरच्या पोपमहोदयांनीही तो नेम चालू ठेवला आहे. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. २९ मे हा त्यांचा सण.

आपल्या माहुलमध्येही एका भिंतीवरून, एका वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली घरे आहेत. आपण एकदा मध्यस्थी करतो, कोणी ऐकले नाही की हात झटकतो. आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही. मिस्सामध्ये शेजाऱ्याला शांती देताना ही गोष्ट मनाला टोचली पाहिजे. या आठवड्यात त्या घराची पायरी आपण पुन्हा एकदा चढू या.

संत पॉल सहावे, आम्हासाठी विनंती करा.