विक्रम साराभाई : खेड्यांसाठी उपग्रह मागणारा शास्त्रज्ञ

१९ जून १९८१ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपच्या ‘एरियान’ अग्निबाणाने ‘ॲपल’ हा भारताचा पहिला प्रायोगिक दळणवळण उपग्रह अवकाशात नेला. त्याची कल्पना ज्यांनी देशात रुजवली, ते डॉ. विक्रम साराभाई हा क्षण पाहण्यास हयात नव्हते.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेतील गिरणीमालक अंबालाल साराभाई यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. केंब्रिजला शिकत असताना महायुद्ध पेटले आणि ते मायदेशी परतले. बंगळूरला सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास केला. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या मच्छिमारांच्या गावातून पहिला अग्निबाण झेपावला. तेथील जुने चर्च हेच शास्त्रज्ञांचे कार्यालय होते.

गरीब देशाला ही चैन परवडेल का, हा प्रश्न तेव्हा सर्रास विचारला जाई. साराभाईंची भूमिका स्पष्ट होती. चंद्रावर जाण्याच्या स्पर्धेत त्यांना रस नव्हता. शेती, आरोग्य व शिक्षणाची माहिती खेड्यांपर्यंत पोहोचवण्याचा जवळचा मार्ग त्यांना उपग्रहात दिसत होता. दूरचित्रवाणी केंद्र केवळ दिल्लीत असताना, १९६९ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला. उपग्रह त्यांचा, कार्यक्रम व ग्रामीण संच मात्र आपले, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी ‘इस्रो’ची स्थापना झाली.

१९६६ मध्ये डॉ. होमी भाभांच्या अपघाती निधनानंतर अणुऊर्जा आयोगाची धुराही त्यांच्यावर आली होती. या दुहेरी जबाबदारीत सततचा प्रवास अटळ होता. ३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याच्या दौऱ्यावर असताना कोवळम येथे त्यांचे आकस्मिक निधन झाले. वय होते अवघे ५२.

काम मात्र थांबले नाही. पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या उपग्रह भूस्थानकाला त्यांचे नाव देण्यात आले. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगातून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दिसू लागले. वर्षभरानंतर उसना उपग्रह परत गेला आणि स्वतःच्या उपग्रहाची निकड अधोरेखित झाली.

‘ॲपल’ची चाचणी घेण्यासाठी तो बैलगाडीवर ठेवावा लागला होता. अवकाशात त्याचा एक सौरपंखा उघडलाच नाही. तरीही अभियंत्यांनी तो २७ महिने चालवला. त्या अनुभवाचा उपयोग पुढे देशातच दळणवळण उपग्रह बांधताना झाला. साराभाईंनी उपग्रहांपेक्षाही आधी माणसे घडवली होती, याची ती साक्ष होती.