रोहिणीच्या पाण्याचा तंटा

पाण्यावरून भावकीत होणारी भांडणं आम्हा पाटोदेकरांना नवी नाहीत. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रातली ही एक बाजू उपासक-उपासिकांपुढे ठेवतो.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळूसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी आपली माणसं प्याली, म्हणून त्यांना मार खावा लागला. चिडलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरून धरलं.

त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ निघाला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, हे बाबासाहेबांना पटलं नव्हतं. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर हे पाहिलंच नसेल होय? त्यांनी शाक्य-कोलियांचा रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला. शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थानं सुचवलं, दोन्हीकडची दोन-दोन माणसं निवडा, त्या चौघांनी पाचवा निवडावा. म्हणजे आपले पंचच की! पण बहुमत युद्धाकडे गेलं. लढण्यापेक्षा त्यानं परिव्रज्या पत्करली. मागाहून लोकच युद्धाविरुद्ध उठले आणि समेट झाला.

वर्षावासात ग्रंथवाचन चालतं, तेव्हा या पानांशी जरा थांबावं, असं आम्हाला वाटतं.