टपाल तिकिटावरचे बाबूराव

मुलांनो, घरात जुनी पाकिटे असतील तर ती एकदा काढून पाहा. काही पाकिटांवरच्या तिकिटावर 'सर्व्हिस' हा शब्द छापलेला दिसेल. ती सरकारी टपालाची तिकिटे. आपल्या देशात ती १८६६ साली सुरू झाली. काही तिकिटांवर मात्र थोर माणसांची चित्रे असतात. अशाच एका तिकिटावरच्या वीराची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव बाबूराव पुलेश्वर शेडमाके.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी किष्टापूर येथे झाला. हे गाव आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी भागात आहे. त्यांचे घराणे गोंड जमीनदारांचे होते. मोलमपल्लीची जमीनदारी त्यांच्याकडे होती. चारी बाजूंना दाट जंगल आणि मधून वाहणाऱ्या नद्या. या रानातल्या वाटा बाबूरावांच्या पायांखालच्या होत्या.

१८५४ साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्याच वर्षी देशभर चालणारी टपाल तिकिटे निघाली. तारेचे खांबही याच काळात उभे राहू लागले. तुम्ही ज्याला डाक म्हणता, तेच हे टपाल. पूर्वी हरकारे पायी चालत टपाल नेत. त्यांना कित्येक दिवस लागत. तारेने मात्र तोच निरोप थोड्या वेळात पोहोचे. १८५७ साली उठाव झाला, तेव्हा इंग्रजांना तारेचा फार उपयोग झाला. एका ठिकाणची बातमी दुसरीकडे लगेच कळे आणि फौज निघे.

उठावाची हवा चांद्याच्या जंगलातही पोहोचली. बाबूरावांनी गोंड तरुणांची सेना उभी केली. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगणा जिंकला. अडपल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव हेही त्यांना येऊन मिळाले. चांद्याचा इंग्रज अधिकारी क्रिक्टन याने त्यांच्यावर फौज पाठवली. नांदगाव-घोसरी येथे मोठी लढाई झाली. पण बाबूराव काही हाती लागले नाहीत.

आता २९ एप्रिल १८५८ हा दिवस ध्यानात ठेवा. प्राणहिता नदीकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या लोकांची छावणी होती. बंडवाल्यांनी तिच्यावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन तारवाले मारले गेले. त्यांचा सोबती पीटर निसटला आणि त्याने ही बातमी क्रिक्टनला कळवली. मेलेले दोघे शिपाई नव्हते. ते तारेच्या कामावर आलेले नोकर होते. लढाईत अशी माणसेही बळी पडतात, हे आपण विसरू नये.

या घटनेनंतर इंग्रज फारच चिडले. जंगलात बाबूरावांना पकडणे सोपे नव्हते, म्हणून क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. झाशीच्या राणीचे नावही हेच होते, पण या वेगळ्या. शेवटी सप्टेंबर १८५८ मध्ये त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. जे काम तारेने आणि फौजेने झाले नाही, ते आपल्याच मुलखातील माणसांनी केले. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले. तेही १८६० मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली.

चांद्याला बाबूरावांवर खटला चालला. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी तिथल्या तुरुंगातील पिंपळाच्या झाडाला त्यांना फाशी देण्यात आले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. चंद्रपूर आणि गडचिरोलीचे लोक दर वर्षी या दिवशी त्यांना अभिवादन करतात.

पुढे देश स्वतंत्र झाला. २००९ साली, १२ मार्च या त्यांच्या जन्मदिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. काळ कसा बदलतो, पाहा! ज्यांच्याविरुद्ध इंग्रज सरकारचे निरोप धावत होते, त्यांचेच चित्र आता टपालावर देशभर फिरले. २०१३ साली आपल्याकडची तारसेवा बंद झाली. तारेचे दिवस संपले, पण बाबूरावांचे नाव त्या जंगलात आजही जिवंत आहे.

मुलांनो, यापुढे एखादे तिकीट हाती आले, तर त्यावरचे नाव वाचल्याशिवाय ते बाजूला ठेवू नका. एवढ्याशा कागदामागे एखाद्याचे सारे आयुष्य असते.