मृत्यूच्या नावाखाली जगण्याचे प्रश्न

हिंजवडी - राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्यांत शुक्रवारी, कपड्यांचे नियम सैल असण्याच्या दिवशी, काळा टी-शर्ट घातलेला एखादा अभियंता हमखास दिसतो. त्या टी-शर्टवर कोळ्याचे जाळे असते, विळ्याचे पाते असते आणि त्यांच्यामध्ये कोरल्यासारखी पाच इंग्रजी अक्षरे असतात. ती अक्षरे 'डेथ' या शब्दाची. घरातील वडीलधाऱ्यांना हे नाव अभद्र वाटते. मुलाने कानाला लावलेल्या हेडफोनमधून झिरपणारा आवाज त्यांना गोंगाट वाटतो आणि त्या गोंगाटात काही अर्थ असेल, ही शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ते बोधचिन्ह स्वतःच्या हाताने रेखाटणारा चक शुल्डिनर १३ डिसेंबर २००१ रोजी वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी मेंदूतील गाठीच्या आजाराने गेला. 'डेथ मेटल' या कर्कश, अतिवेगवान संगीतप्रकाराचा तो एक आद्य शिल्पकार होय. मृत्यूचे नाव घेऊन सुरू झालेला त्याचा बँड पुढे जगण्याच्या अवघड प्रश्नांकडे वळला आणि अखेरीस त्यातीलच एक प्रश्न त्याच्या स्वतःच्या अंथरुणापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या आयुष्याची ही कहाणी संगीताची आवड नसणाऱ्यांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

कारखान्यातून उपनगरात

हेवी मेटल संगीताचा जन्म कारखान्यांच्या गावी झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या टोनी आयोमी या सतरा वर्षांच्या मुलाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके १९६५ मध्ये यंत्रात तुटली. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या प्रेस शॉपमधील कामगारांना असा अपघात समजावून सांगावा लागत नाही. आयोमीने बोटांना टोपणे बसवून घेतली, गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्या जड, खर्जातील नादातून 'ब्लॅक सबाथ' हा बँड उभा राहिला. १९७० मध्ये त्याचा पहिला अल्बम आला. पुढील पंधरा वर्षांत इंग्लंडमधील 'व्हेनम' आणि कॅलिफोर्नियातील 'स्लेयर', 'पझेस्ड' यांसारख्या बँडनी हे संगीत अधिकाधिक वेगवान आणि उग्र केले.

चक शुल्डिनर मात्र कारखान्यांच्या गावचा नव्हता. चार्ल्स मायकेल शुल्डिनर याचा जन्म १३ मे १९६७ रोजी न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंड येथे झाला. वडील ज्यू घराण्यातील, आई अमेरिकेच्या दक्षिण भागातील. तीन भावंडांत तो धाकटा. तो वर्षाचा असतानाच कुटुंब फ्लोरिडात आले. ऑरलँडो शहराजवळच्या अल्टमाँट स्प्रिंग्स या निवांत उपनगरात त्याचे बालपण गेले. आखीव रस्ते, बंगले, हिरवळ, खरेदीची संकुले आणि तरुणांना करण्यासारखे फारसे काही नाही, असा तो परिसर. शेतजमिनींवर अल्पावधीत उभ्या राहिलेल्या आजच्या गृहसंकुलांतील मुलांना तो कंटाळा ओळखीचा वाटावा.

चक नऊ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ फ्रँक अपघातात गेला. फ्रँकचे वय होते सोळा. धाकट्याचे मन रमावे म्हणून आई-वडिलांनी त्याला गिटार आणून दिली. शास्त्रोक्त धडे त्याला रुचले नाहीत. वर्षभराच्या आत शिकवणी सुटली. पुढे घरच्यांनी जुन्या सामानाच्या विक्रीतून एक इलेक्ट्रिक गिटार आणली आणि मुलगा खोलीतून बाहेर येईनासा झाला. मृत्यूशी त्याची पहिली ओळख घरातच झाली होती आणि संगीताशीही त्याच निमित्ताने.

रक्तपातापासून रुग्णशय्येपर्यंत

१९८३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने रिक रॉझ आणि कॅम ली या मित्रांसह 'मँटस' नावाचा बँड काढला. पुढच्याच वर्षी त्याचे नाव 'डेथ' झाले. घरच्या घरी ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेट टपालाने देशोदेशी जात आणि एका चाहत्याकडून दुसऱ्याकडे नकलून पोहोचत. इंटरनेटपूर्व काळातील हे जाळे विलक्षण कार्यक्षम होते. चकने शाळा अर्धवट सोडली. या निर्णयाची खंत त्याला पुढे वाटत राहिली. साथीदारांच्या शोधात तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, काही काळ कॅनडात राहिला, परत आला. अखेर १९८७ मध्ये 'स्क्रीम ब्लडी गोर' हा पहिला अल्बम बाजारात आला. ड्रम्सवर ख्रिस रायफर्ट होता. गिटार, बेस आणि गायन या तिन्ही बाजू एकट्या चकने सांभाळल्या होत्या.

या अल्बममधील गाणी भयपटांतून उचललेली होती. भुते, प्रेते आणि फाटलेली शरीरे यांखेरीज त्यात काही नव्हते. विशीतील मुलाला धक्का देण्याची हौस होती आणि ती त्याने पुरेपूर भागवून घेतली. गळ्यातून काढलेली गुरगुर, नेहमीपेक्षा खाली उतरवलेल्या गिटारच्या तारा आणि दोन्ही पायांनी वाजवलेल्या ड्रम्सचा मारा ही या प्रकाराची वैशिष्ट्ये येथे ठळकपणे दिसली.

बदल लगेच पुढच्या वर्षी सुरू झाला. टॅम्पा शहरातील मॉरिसाउंड स्टुडिओत मुद्रित झालेल्या 'लेप्रसी' (१९८८) या अल्बमचे शीर्षकगीत कुष्ठरोगावर आहे. शरीर झडण्याचे वर्णन त्यात आहेच. पण त्यासोबत रोग्याला वस्तीबाहेर काढणारा समाजही आहे. वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करताना बाबा आमटे यांना ज्या बहिष्काराशी झुंजावे लागले, तोच हा बहिष्कार. याच अल्बममधील 'पुल द प्लग' या गाण्यात यंत्रांच्या आधाराने जिवंत ठेवलेला एक रुग्ण आपली सुटका मागतो. महाराष्ट्राला हा प्रश्न अरुणा शानबाग यांच्या रूपाने ठाऊक आहे. १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाचा विचार प्रथमच मान्य केला, मात्र परिचारिका त्यांची मायेने शुश्रूषा करीत असल्याने त्यांच्यापुरती ती परवानगी नाकारली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि त्यासाठी आगाऊ लिहून ठेवलेले इच्छापत्र मान्य केले. एकवीस वर्षांच्या गिटारवादकाने गोंगाटात मिसळलेला प्रश्न आपल्याकडे घटनापीठापर्यंत पोहोचला होता.

'स्पिरिच्युअल हीलिंग' (१९९०) मध्ये भुतेखेते पूर्णपणे मागे पडली. मुखपृष्ठावर रोग बरा करण्याचा आव आणणारा धर्मोपदेशक होता. गाण्यांचे विषय होते गर्भपात, व्यसनी मातेच्या पोटी जन्मणारे मूल, जनुकांशी होणारे खेळ आणि श्रद्धेच्या आडून माणसाचा बळी घेणारी वृत्ती. ज्या पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि ज्या राज्यात त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथील वाचकाला हे विषय परके वाटण्याचे कारण नाही. बँडच्या बोधचिन्हातील एक अक्षर आरंभी उलट्या क्रुसासारखे काढलेले होते. आपल्या संगीताला कोणत्याही धर्माच्या बाजूने वा विरोधात उभे करू नये, या हेतूने चकने पुढे तेही साधे करून टाकले.

माणूस केंद्रस्थानी

१९९० मध्ये युरोपचा दौरा नीट आखलेला नाही असे वाटल्याने चकने ऐनवेळी जाण्यास नकार दिला. साथीदार त्याच्याविना गेले आणि परतल्यावर त्यांचा बँडशी संबंध संपला. त्यानंतर चकने कायमचे सहकारी ठेवलेच नाहीत. प्रत्येक अल्बमसाठी तो हवे ते वादक निवडू लागला. तो हेकट असल्याची टीका झाली. या पद्धतीचे फळ मात्र उत्तम मिळाले.

'ह्यूमन' (१९९१) हे शीर्षकच बोलके आहे. पॉल मासविडाल, शॉन राइनर्ट आणि स्टीव्ह डीजॉर्जिओ या जॅझची जाण असलेल्या वादकांमुळे संगीत गुंतागुंतीचे झाले. लय मध्येच बदलते, विषम मात्रांचे तुकडे येतात, उग्रतेच्या मधोमध निवांत स्वरावली उमलते. या अल्बममध्ये अंधत्वावर गाणे आहे, शरीराने जोडलेल्या जुळ्यांवर आहे आणि मुलांच्या प्रत्येक अपयशाचे खापर संगीतावर फोडणाऱ्या समाजावरही आहे. 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स' (१९९३) मध्ये विश्वासघात आणि पोकळ पांडित्य हे विषय आले. 'सिम्बॉलिक' (१९९५) मध्ये हरवलेल्या निरागस बालपणाची हुरहूर आहे, धार्मिक दांभिकतेवर प्रहार आहे आणि माणसाच्या खासगीपणावर रोखलेल्या हजार डोळ्यांचे एक गाणे आहे. चौकाचौकांतील कॅमेरे आणि खिशातील मोबाईल नजरेआड होऊ देत नाहीत अशा आजच्या काळात ते गाणे ऐकणाऱ्याला त्याचे वर्ष पुन्हा तपासावेसे वाटते.

१९९८ मधील 'द साउंड ऑफ पर्सिव्हरन्स' हा डेथचा सातवा आणि अखेरचा अल्बम. त्यात 'व्हॉइस ऑफ द सोल' ही शब्दांविना केवळ गिटारवर उलगडणारी रचना आहे. डेथ मेटल म्हणजे आरडाओरडा, असे मानणाऱ्याने ती एकदा ऐकावी. अकरा वर्षांत एका माणसाने केवढा पल्ला गाठला, हे त्या काही मिनिटांत उमगते.

मंचावर गुरगुरणारा हा गायक घरी शांत होता. त्याला प्राण्यांचा लळा होता, स्वयंपाकाची आवड होती. संगीतकार झालो नसतो तर पशुवैद्य किंवा आचारी झालो असतो, असे तो सांगत असे. डेथ मेटलचा जनक ही पदवी त्याने कधी मिरवली नाही. आपल्याआधी वाट काढणाऱ्या बँडना तो त्याचे श्रेय देई.

उपचारांचा हिशेब

पुढे त्याने 'कंट्रोल डिनाइड' हा दुसरा बँड उभा केला. त्यात गुरगुरीऐवजी टिम एमार या गायकाचा मोकळा, सुरेल आवाज होता. १९९९ मध्ये आलेल्या त्याच्या एकमेव पूर्ण अल्बमचे नाव अस्तित्वाच्या नाजूकपणावर होते. त्याच वर्षी चकची मान दुखू लागली होती. शीर दबली असावी असे वाटून तपासण्या झाल्या आणि १३ मे १९९९ रोजी, बत्तिसाव्या वाढदिवशी, मेंदूच्या मुळाशी गाठ असल्याचे निदान झाले.

किरणोपचार झाले. जानेवारी २००० मध्ये न्यूयॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, मात्र गाठ पूर्ण निघू शकली नाही. पदरी नोकरी नाही आणि विम्याचे कवच नाही, अशा कलावंताच्या कुटुंबावर खर्चाचा डोंगर कोसळला. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर चकने आरोग्य विमा घेतला. मे २००१ मध्ये आजार उलटला, तेव्हा हा आजार विम्याच्या आधीपासूनचा असल्याचे कारण देऊन कंपनीने पैसे नाकारले. तातडीची शस्त्रक्रिया पैशांअभावी रखडली. आई जेन यांनी मदतीचे आवाहन केले आणि तरुणांना वेळीच विमा घेण्याची विनंती केली. चाहत्यांनी पैसे पाठवले. 'कॉर्न', 'रेड हॉट चिली पेपर्स' अशा नामवंत बँडनी आपल्या वस्तू लिलावात काढल्या. आजारी तमाशा कलावंतासाठी वा नटासाठी मदतनिधीचा प्रयोग लावण्याची आपल्याकडील रीत आठवावी, असेच ते होते.

मदत आली, तोवर शरीर थकले होते. केमोथेरपीने आलेल्या अशक्तपणात न्यूमोनिया झाला आणि १३ डिसेंबरच्या दुपारी सारे संपले.

आधीपासूनच्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारण्यास बंदी घालणारा कायदा अमेरिकेत २०१० मध्ये संमत झाला आणि ही तरतूद २०१४ पासून सर्वांना लागू झाली. चकच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. हिंजवडीतील अभियंत्याला कंपनीच्या सामूहिक मेडिक्लेममुळे हे कलम सहसा वाचावे लागत नाही. नोकरी सुटली की मात्र ते प्रथम डोळ्यांपुढे येते.

चकच्या अपूर्ण राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवरून त्याच्या कुटुंबाचा एका कंपनीशी अनेक वर्षे वाद चालला. तो २००९ अखेरीस मिटला. पुढे 'रिलॅप्स रेकॉर्ड्स' या कंपनीने जुने अल्बम नव्याने काढले आणि माजी सहकारी 'डेथ टू ऑल' या नावाने ती गाणी मंचावर वाजवू लागले. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम मात्र पूर्ण होऊ शकला नाही. माणूस आणि यंत्र यांची टक्कर, असा अर्थ असलेले नाव चकने त्यासाठी योजून ठेवले होते. त्या टकरीची रोज चर्चा करणारी पिढी आज हिंजवडीच्या बसगाड्यांत बसलेली आहे आणि तिच्यापैकी कोणी ना कोणी त्याची गाणी ऐकत असतो. शेजारच्या वडीलधाऱ्याने एकदा त्यांचा विषय विचारला, तर बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.