डॉ. होमी भाभा
होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात झाला. वडिलांच्या इच्छेनुसार केंब्रिजला अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते भौतिकशास्त्राकडे वळले. १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला : वेगवान इलेक्ट्रॉन गॅमा किरण सोडतो, त्या किरणातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते आणि हा क्रम पुढे चालू राहतो.

१९३९ मध्ये ते सुटीवर भारतात आले असता महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. युद्ध संपण्याची वाट न पाहता १९४४ मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीपुढे संशोधनसंस्थेचा प्रस्ताव ठेवला. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. १९५६ मध्ये तुर्भे येथे ‘अप्सरा’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले.

चरित्रकार बहुधा अणुभट्ट्यांपाशीच थांबतात. हे अपुरे आहे. भाभांच्या पश्चात संस्थेच्या कुलाबा येथील आवारात पेलेट्रॉन वेगवर्धक उभा राहिला. तेथे अस्थिर अणुकेंद्रके घडवून त्यांचे गॅमा किरण मोजले जातात. लांबट केंद्रक गरगर फिरते, टप्प्याटप्प्याने मंदावते आणि बहुधा प्रत्येक टप्प्यावर एक गॅमा किरण सोडते. या किरणांच्या ऊर्जांमधील अंतरांवरून ते केंद्रक चेंडूसारखे गोल की विटीसारखे लांबट, याचा अंदाज बांधता येतो.