माणदेशातून वानरांच्या राज्यात

व्यंकटेश माडगूळकर हे नाव घेतले, की मराठी वाचकाला प्रथम 'बनगरवाडी' आठवते. धनगरांच्या एका छोट्या वस्तीची ती कहाणी १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि माडगूळकर ग्रामीण जीवनाचे लेखक म्हणून कायमचे ओळखले जाऊ लागले. त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मात्र १९८३ मध्ये मिळाला, तो 'सत्तांतर' या छोटेखानी पुस्तकासाठी. या पुस्तकात एकही माणूस मध्यवर्ती नाही. रानातील वानरांची एक टोळी, तिच्यावर हुकूमत चालविणारा नर, त्याला हुसकावणारा दुसरा नर, माद्या आणि त्यांची पिल्ले एवढाच त्याचा संसार आहे. धनगरांच्या वाडीपासून वानरांच्या टोळीपर्यंतचा हा प्रवास लेखकाने वाट बदलल्यामुळे झाला, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात माणदेशात घडलेली नजरच त्यांना तिथवर घेऊन गेली होती.

दुष्काळी मुलखातील बालपण

माडगूळकरांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळ गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. तेव्हा ते औंध संस्थानात होते. सातारा जिल्ह्यातील माण आणि सांगलीतील आटपाडी यांचे जिल्हे वेगळे असले, तरी माण नदीच्या खोऱ्यातला हा पट्टा एकच. पाऊस कमी, जमीन हलकी आणि माणसे पोटासाठी सतत हिंडणारी. वडील दिगंबरपंत संस्थानच्या चाकरीत होते. घरची परिस्थिती बेताची. थोरले बंधू ग. दि. माडगूळकर पुढे कवी आणि गीतकार म्हणून महाराष्ट्रभर गाजले.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. औंधच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेले भवानी संग्रहालय आजही पाहायला मिळते. अशा संस्थानात वाढलेल्या व्यंकटेशलाही चित्रकलेची ओढ होती. १९४२ च्या चळवळीत तो किशोरवयातच ओढला गेला आणि शालेय शिक्षण अर्धवट राहिले. त्या दिवसांचा ठसा पुढे 'कोवळे दिवस' या पुस्तकात उमटला. चित्रकार होण्याचे स्वप्न मागे पडले, तरी हातातली पेन्सिल सुटली नाही. पुढे अनेक पुस्तकांसाठी त्यांनी स्वतःच रेखाटने केली. प्राणी काढायचा, तर तो आधी नीट पाहावा लागतो. कान कसा वळतो, शेपटी कुठे वाकते, बसताना वजन कशावर पडते, हे डोळ्यांना टिपावे लागते. ही शिस्त त्यांच्या लेखनातही उतरली.

मास्तर आणि मेंढरे

काही काळ माडगूळकर माणदेशात प्राथमिक शाळेत मास्तर होते. 'बनगरवाडी'तील तरुण मास्तर त्याच अनुभवातून आला. कादंबरीत औंधचे राजे वाडीच्या तालमीच्या निमित्ताने येतात, धनगर आपली मेंढरे घेऊन हिंडतात आणि अखेरीस दुष्काळात वस्ती उठते. चारा संपला की मेंढरू मरते आणि मेंढरू मेले की माणूस गाव सोडतो. हे साधे गणित त्या कादंबरीच्या मुळाशी आहे. कोण कुठे राहणार, कोण कुणाबरोबर टिकणार, हे शेवटी खाण्यावर ठरते, याचे भान माडगूळकरांना रानात जाण्यापूर्वीच आले होते.

धनगराचा आणखी एक गुण इथे महत्त्वाचा ठरतो. परक्याला सगळी मेंढरे सारखीच दिसतात. धनगराला मात्र प्रत्येक मेंढरू वेगळे ओळखू येते. कानाचा आकार, तोंडावरचा डाग, चालण्याची ढब यांवरून तो त्याचे नाव ठेवतो. वन्यप्राण्यांचे वर्तन अभ्यासणारे शास्त्रज्ञ आपल्या कामाची सुरुवात नेमकी इथूनच करतात. कळपातील प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता आल्याशिवाय कोण कुणाशी कसे वागते, याची नोंद ठेवता येत नाही.

१९४९ मध्ये 'माणदेशी माणसे' प्रसिद्ध झाले आणि माडगूळकरांचे नाव झाले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये गावोगावी झालेल्या जाळपोळीवर त्यांनी 'वावटळ' लिहिली. माणसांचा जमाव काय करू शकतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते. तरीही त्या लेखनात आक्रस्ताळेपणा नाही. पुढे मुंबईत चित्रपटकथा लिहिल्यावर ते पुण्यात आले आणि आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी त्यांनी दीर्घकाळ काम केले. लोकनाट्येही लिहिली. साहित्यिक वर्तुळात ते 'तात्या' म्हणून ओळखले जात.

बंदूक ठेवली, वही घेतली

तात्यांना तरुणपणी शिकारीचा नाद होता. शिकाऱ्याला रान वाचावे लागते. माग, विष्ठा, वाऱ्याची दिशा, पक्ष्यांचे ओरडणे यांतून जनावर कुठे आहे, हे कळते. वयाबरोबर बंदूक मागे पडली आणि वही व दुर्बीण हाती आली. देशातही याच काळात वारे बदलत होते. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि शिकारीला कायद्याचा पायबंद बसला.

नागझिरा अभयारण्यातील मुक्कामावर त्यांनी 'नागझिरा' हे पुस्तक लिहिले. ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा भंडारा जिल्ह्यात असलेले हे जंगल आता गोंदिया जिल्ह्यात असून, २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पाणवठ्यावर बसून राहायचे, येणारे जनावर पाहायचे आणि दिसले तेवढेच लिहायचे, अशी या पुस्तकाची रीत आहे. वाघ दिसलाच पाहिजे, असा अट्टहास त्यात नाही. याच पाहण्यातून पुढे वानरांची टोळी त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी आली.

पाला खाणारा प्राणी

मराठीत माकड आणि वानर असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. माकड तांबूस-तपकिरी रंगाचे, लांबट शेपटीचे आणि मिळेल ते गालाच्या पिशवीत भरणारे. वानर काळ्या तोंडाचे, राखी अंगाचे, लांब शेपटीचे. त्याला गालपिशव्या नसतात. त्याऐवजी त्याचे जठर अनेक कप्प्यांचे असते. त्यातील जिवाणू पाला आंबवतात आणि इतर प्राण्यांना न पचणारी पाने त्याला पचविता येतात. कोवळी पाने, कळ्या, फुले, उंबर-पिंपळाची फळे आणि बिया हा त्याचा आहार असतो. खाल्ल्यानंतर तासन्‌तास निवांत बसण्याची त्याची सवय आळसातून आलेली नाही, ती पचनाची गरज आहे. झाडावरून त्याने टाकलेली पाने आणि फळे खायला खाली चितळ जमतात. वाघ किंवा बिबट्या दिसताच वानर खाकरते आणि चितळही सावध होतात.

सुमारे साडेसहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर मादी एका पिल्लाला जन्म देते. मोठे वानर राखी असले, तरी नवजात पिल्लू काळपट तपकिरी असते. त्यामुळे ते टोळीत चटकन उठून दिसते. जन्मानंतर थोड्याच काळात इतर माद्या त्याला आईकडून मागून घेतात, हाताळतात, एकीकडून दुसरीकडे देतात. तरुण माद्यांचे मूल सांभाळण्याचे शिक्षण असे होते आणि आईला निर्धास्तपणे चरायला वेळ मिळतो. काही महिन्यांत पिल्लाचा रंग फिकट होतो. दूध मात्र ते वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ पिते. मुली मोठ्या होऊन आईच्याच टोळीत राहतात. नरांना बाहेर पडावे लागते आणि ते इतर नरांच्या टोळक्यात भटकत राहतात.

अनेक टोळ्यांत माद्यांबरोबर एकच मोठा नर असतो. त्यालाच लोक हुप्प्या म्हणतात. बाहेरचे नर त्याच्या जागेवर टपलेले असतात. त्यामुळे त्याची सत्ता फार काळ टिकत नाही, बहुधा दोन-तीन वर्षेच. एक दिवस बाहेरचा नर त्याला हुसकावून लावतो आणि मग टोळीतील अंगावर पिणाऱ्या पिल्लांचा जीव धोक्यात येतो.

धारवाड ते अबू

ही गोष्ट शास्त्राच्या नजरेस फार उशिरा आली. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेच्या फिलिस जे यांनी उत्तर व मध्य भारतातील वानरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना शांत, मिळून-मिसळून राहणारा समाज दिसला. त्यानंतर सांगलीच्या दक्षिणेला, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील धारवाड परिसरात जपानचे युकिमारू सुगियामा १९६१ ते १९६३ दरम्यान वानरांच्या मागावर होते. तिथे त्यांना टोळीचा ताबा घेणाऱ्या नराने पिल्ले मारल्याचे आढळले. पुढे जोधपूरला एस. एम. मोहनोत यांना आणि राजस्थानातील अबू येथे अमेरिकेच्या सारा ब्लॅफर हर्डी यांना असेच प्रकार दिसले. हर्डी यांचे पुस्तक १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी मांडलेले कारण असे : अंगावर पिल्लू असलेली मादी लवकर पुन्हा गाभण राहत नाही. नव्या नराकडे मात्र वेळ थोडा असतो. आधीच्या नराचे पिल्लू गेले, की ती मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती वाढविण्याची संधी मिळते. अनेक शास्त्रज्ञांना हे पटले नाही. गर्दीमुळे बिघडलेल्या प्राण्यांचे हे विकृत वर्तन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वाद दोन दशके चालला. १९९९ मध्ये नेपाळमधील रामनगरच्या वानरांच्या डीएनए तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असे त्यातून दिसून आले आणि हर्डी यांच्या मांडणीला बळ मिळाले. माद्या हे सारे मुकाट्याने सोसत नाहीत, हेही हर्डी यांनी नोंदवले होते. पिल्लाची आई आणि टोळीतील वयस्क माद्या जीव धोक्यात घालून नराला अडवतात.

'सत्तांतर'

या वादाचा निकाल लागण्यापूर्वी, १९८२ मध्ये, 'सत्तांतर' मराठीत आले. मराठी घरात वानर म्हणजे मारुतीचे रूप. गावोगावी मारुतीचे देऊळ असलेल्या समाजाला हुप्प्या पिल्ले मारतो, हे सांगणे सोपे नव्हते. प्राणिकथेची आपली परंपराही वेगळी होती. पंचतंत्रातील प्राणी माणसासारखे बोलतात आणि शेवटी बोध सांगतात. माडगूळकरांची वानरे तसे करीत नाहीत. ती चरतात, ऊन खात बसतात, एकमेकांच्या अंगावरचे केस विंचरतात, भांडतात, पिल्ले वाढवतात आणि गमावतात. त्यांची नावेही खेड्यातल्या रीतीने, अंगावरच्या खुणांवरून आणि स्वभावावरून ठेवलेली आहेत. मेंढराला नाव देणाऱ्या धनगराची रीत इथे वानरांच्या कामी आली.

लेखकाने मारणाऱ्या नराला राक्षस ठरविले नाही आणि मरणाऱ्या पिल्लांसाठी वाचकाकडून अश्रू मागितले नाहीत. अनेक वाचकांनी आणि समीक्षकांनी या पुस्तकात माणसांचे राजकारण पाहिले. आणीबाणी आणि त्यानंतरच्या उलथापालथी ताज्या असताना ते स्वाभाविकही होते. मात्र केवळ रूपक म्हणून वाचले, तर पुस्तकाचा अर्धा भाग हातातून निसटतो. त्यातील वानरे आधी वानरे आहेत. जुना नर जखमी होऊन बाहेर पडतो, नवा येतो, माद्या त्याच्याशी जुळवून घेतात आणि टोळी पुन्हा चरू लागते. या क्रमात निसर्ग कुणाची बाजू घेत नाही. माणदेशातील दुष्काळानेही कुणाची बाजू घेतली नव्हती.

१९८३ हे वर्ष माडगूळकरांसाठी सन्मानाचे ठरले. अकादमीच्या पुरस्काराबरोबरच अंबाजोगाई येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ऑगस्ट २००१ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

पाहण्याचा वारसा

कोयना आणि चांदोलीचे जंगल सातारा-सांगलीच्या पश्चिम कडेला पसरले आहे. तेथे वानरे आहेत. घाटातल्या रस्त्यांवर आणि देवस्थानांच्या परिसरातही ती दिसतात. गाडी थांबवून त्यांना बिस्किटे, शेंगदाणे टाकणारे पर्यटक पुण्य मिळाल्याच्या समाधानात पुढे जातात. पाला पचविण्यासाठी बनलेल्या जठराला हे अन्न मानवत नाही. शिवाय माणसाच्या हातचे खाण्याची चटक लागलेली टोळी रस्ता आणि शिवार सोडत नाही. दुसरीकडे, पिकाची नासाडी सोसणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखी तेच वानर शत्रू असते. देव आणि शत्रू या दोन टोकांच्या मध्ये खरे वानर कोणी पाहतच नाही.

माडगूळकरांनी ते पाहिले. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या, शास्त्राची पदवी नसलेल्या या माणसाकडे माणदेशाने दिलेली चिकाटी होती. एका जागी बसून राहण्याची आणि जे दिसते ते न रंगवता सांगण्याची त्यांची तयारी होती. वानरांविषयीचे प्रश्न कायद्याने, कुंपणाने किंवा नवसाने सोडविण्यापूर्वी वानर काय खाते, कसे वाढते आणि टोळीत कसे जगते, हे समजून घ्यावे लागेल. मराठी वाचकासाठी त्याची सुरुवात 'सत्तांतर'ने १९८२ मध्येच करून ठेवली आहे.