जॉर्ज ऑर्वेल आणि ओले अंथरूण : एका वसतिगृहातल्या मुलाची गोष्ट

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की कर्जत आणि खालापूरच्या वाड्यापाड्यांतली मुले आश्रमशाळांमध्ये राहायला जातात. त्यांतली काही जेमतेम सहा-सात वर्षांची असतात. घर सुटते, पाऊस लागलेला असतो, रात्री शौचालयापर्यंत जायचे तर अंधार असतो. अशा वेळी चार-पाच वर्षांपूर्वीच अंथरूण ओले करणे थांबलेल्या मुलालाही पुन्हा झोपेत शू होऊ लागते. मग चिडवणे, सकाळी सगळ्यांसमोर चादर धुवायला लावणे, कधी मार. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी नेमके हेच एका मुलाच्या वाट्याला आले होते. पुढे तो विसाव्या शतकातला फार मोठा लेखक झाला आणि आपल्याला काय वाटले होते ते त्याने न लाजता लिहून ठेवले. म्हणून हा आजार समजून घेताना त्याचे चरित्र उपयोगी पडते.

त्याचे खरे नाव एरिक ब्लेअर. जन्म 25 जून 1903, बिहारमधल्या मोतिहारी येथे. वडील ब्रिटिश सरकारच्या अफू खात्यात नोकरीला होते. एरिक वर्षाचा असताना आई त्याला आणि त्याच्या मोठ्या बहिणीला घेऊन इंग्लंडला गेली. वडील हिंदुस्थानातच राहिले, त्यामुळे एरिकच्या लहानपणात ते जवळजवळ नव्हतेच. मुलाची छाती पहिल्यापासून नाजूक होती आणि खोकल्याचा त्रास वारंवार होई.

1911 च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, त्याला ईस्टबोर्न येथील सेंट सिप्रियन्स या निवासी शाळेत ठेवले. कुटुंब फार श्रीमंत नव्हते. मुलगा हुशार म्हणून शाळेने त्याला कमी फीमध्ये घेतले होते. शाळेत रुळतोय असे वाटू लागले आणि एक-दोन आठवड्यांत त्याचे अंथरूण ओले होऊ लागले. ही सवय त्याची निदान चार वर्षांपूर्वी सुटलेली होती.

त्या काळी शाळेत हा मुद्दाम केलेला गुन्हा समजला जाई आणि त्यावर उपाय एकच, फटके. एरिक रोज रात्री देवाची प्रार्थना करी, आज अंथरूण कोरडे राहू दे म्हणून. काही रात्री ते राही, काही रात्री नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी त्याला घोडा हाकायच्या चाबकाने मारले. बाहेर येऊन त्याने मित्रांना सांगितले की फारसे लागले नाही. ते मुख्याध्यापकांच्या पत्नीने ऐकले, त्याला परत आत पाठवले, आणि दुसऱ्या वेळी इतके मारले की चाबूक मोडला. मुलगा रडला, पण त्याच्या लिहिण्यानुसार ते दुखल्यामुळे नव्हते. आपण ज्या जगात आलो आहोत तिथे चांगले वागणे आपल्या हातातच नाही, पाप न करायचे ठरवूनही ते घडते, ही जाणीव त्याला त्या दिवशी झाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हे सर्व त्याने मोठेपणी, पस्तिशी-चाळिशीत लिहिले. त्या शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांना आणि त्याच्या बालमैत्रिणीला ते अतिरंजित वाटले. चाबूक खरेच मोडला का, याचा निकाल आज लागणार नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला अशा वेळी काय वाटते याचे त्याचे वर्णन डॉक्टर म्हणून मला तंतोतंत पटते. दवाखान्यात येणारी मुले हे बोलून दाखवत नाहीत, मान खाली घालून बसतात एवढेच.

मेंदू, मज्जारज्जू आणि मूत्राशय

मूत्राशय ही ताणली जाणारी पिशवी आहे. ती भरली की कमरेच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंमार्फत निरोप मज्जारज्जूकडे आणि तिथून मेंदूकडे जातो. तान्ह्या बाळात मेंदूचा ताबा नसतो, पिशवी भरली की ती आपोआप रिकामी होते. दोन ते चार वर्षांच्या दरम्यान मेंदू थांबवायला शिकतो, आधी दिवसा, मग रात्री. रात्रीसाठी आणखी दोन गोष्टी लागतात. झोपेत मेंदूतून सुटणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकामुळे लघवी कमी तयार व्हावी लागते, आणि पिशवी भरल्यावर झोप मोडावी लागते. या तिन्हींपैकी एक जरी मागे राहिले तरी अंथरूण ओले होते. मूल आळशी आहे किंवा हट्टी आहे, हे यात कुठेच बसत नाही, कारण हे घडते तेव्हा ते गाढ झोपेत असते.

पाच वर्षांच्या सुमारे 15 टक्के मुलांना हा त्रास असतो. दरवर्षी त्यांतली साधारण 15 टक्के मुले काहीही न करता बरी होतात. मुलग्यांत प्रमाण जास्त. आई किंवा वडिलांना लहानपणी हे झाले असेल तर मुलाला होण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून मी आजी-आजोबांना आवर्जून विचारतो. पुष्कळदा वडील तेव्हा पहिल्यांदा हसतात.

जन्मापासून कधीच कोरडे न राहिलेले मूल आणि निदान सहा महिने कोरडे राहून पुन्हा सुरू झालेले मूल, यांत डॉक्टर फरक करतात. एरिकचा प्रकार दुसरा. घर सुटणे, नवे भावंड, आईवडिलांचे भांडण, घरातला मृत्यू अशा ताणानंतर हा प्रकार दिसतो. मात्र ताण आहे म्हणून दुसरे कारण नाही असे गृहीत धरू नये. नव्याने सुरू झालेल्या त्रासात लघवीची तपासणी झालीच पाहिजे. मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मधुमेह या दोन गोष्टी तिथे सापडतात. मूल सारखे पाणी पीत असेल आणि वाळत चालले असेल तर त्याच दिवशी साखर तपासा. बद्धकोष्ठता हे आणखी एक कारण, आणि ते नेहमी नजरेतून सुटते. भरलेले आतडे मूत्राशयावर दाब देते. रात्री मोठ्याने घोरणाऱ्या मुलात नाकामागच्या ग्रंथी तपासाव्यात.

मज्जासंस्थेचा दोष हे कारण कमी वेळा असते, पण चुकवून चालत नाही. दिवसाही कपडे ओले होणे किंवा थेंब थेंब गळत राहणे, शौच नकळत होणे, चाल बदलणे, वारंवार पडणे, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा, आणि कमरेखाली पाठीच्या मध्यावर केसांचा झुपका, खळगा, गाठ किंवा डाग यांपैकी काही दिसले तर मज्जारज्जू खाली अडकून ताणला गेलेला असू शकतो. मुलाचा शर्ट वर करून पाठ बघायला अर्धा मिनिट लागतो आणि हे पालकांनी घरीही करावे. अशा मुलाला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवून तिथून मुंबईला बालरोग विभागात पाठवावे लागते. शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येते. उलट, फक्त एक्स-रेच्या अहवालात मणक्याचे एखादे हाड मागून पूर्ण जुळलेले नाही असे लिहून आले, आणि वरील एकही लक्षण नाही, तर घाबरू नका. निरोगी माणसांतही ते बऱ्याचदा आढळते.

मारामुळे बरे होते का?

ऑर्वेलने प्रामाणिकपणे लिहिले आहे की नंतर आणखी एकदा अंथरूण ओले झाले, पुन्हा फटके बसले, आणि मग त्रास थांबला. हा रानटी उपाय कदाचित लागू पडत असेल, पण त्याची किंमत फार मोठी, असे त्याचे मत. माझे मत वेगळे आहे. नव्या जागेत रुळल्यावर असा त्रास बहुधा आपोआप ओसरतो आणि त्या आधी शेवटचे जे केले त्याला श्रेय मिळते. आपल्याकडे गंडादोरा, चटका देण्याची धमकी यांना मिळते तसेच.

गंमत अशी की खरा उपाय तेव्हा माहीत झालेला होता. 1904 मध्ये फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने अंथरूण ओले झाल्यावर परिचारिकांना कळावे म्हणून घंटी बसवली आणि मुलेच हळूहळू आधी जागी होऊ लागल्याचे त्याच्या लक्षात आले. आजचा अलार्म त्याच तत्त्वावर चालतो. सहा-सात वर्षांपुढच्या मुलात तो दोन-तीन महिने नेटाने वापरावा लागतो, घरातल्या मोठ्यांना रात्री उठावे लागते. वसतिगृहात हे कठीण जाते. तिथे निदान एवढे होऊ शकते : दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर कमी, झोपण्याआधी लघवी, शौचालयाजवळची जागा आणि दिवा, गादीवर प्लास्टिक, एक जादा चादर, आणि अधीक्षकांना पालकांनी आधीच, मुलाच्या मागे सांगणे. डेस्मोप्रेसिन ही गोळी काही मुलांना देतात. ती घेतल्यावर रात्रभर पाणी जपून प्यायचे असते, नाहीतर रक्तातले सोडियम घसरून झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांशिवाय देऊ नये.

एरिक पुढे शिष्यवृत्ती मिळवून ईटनला गेला, 1922 ते 1927 ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता, नोकरी सोडून लेखक झाला आणि 1933 मध्ये जॉर्ज ऑर्वेल हे नाव घेतले. स्पेनच्या यादवी युद्धात 20 मे 1937 रोजी त्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. स्वरतंतूचा मज्जातंतू दुखावला आणि आवाज कुजबुजीएवढा राहिला. परत येणार नाही असे सांगितले गेलेला तो आवाज काही महिन्यांत बराचसा परतला. दुसऱ्या महायुद्धात, 1941 ते 1943, तो बीबीसीच्या हिंदुस्थानसाठीच्या विभागात होता. तिथे मराठी लेखिका वेणू चितळे त्याच्याबरोबर काम करीत. त्याने इंग्रजीत लिहिलेली काही बातमीपत्रे मराठीत भाषांतरित होऊन आपल्याकडे ऐकू येत.

‘ॲनिमल फार्म’ 1945 मध्ये आणि ‘1984’ 1949 मध्ये आली. छातीचे दुखणे तोवर क्षयावर गेले होते. 1948 मध्ये त्याला तेव्हा नवे असलेले स्ट्रेप्टोमायसिन दिले, पण त्याची तीव्र ॲलर्जी आली आणि ते थांबवावे लागले. 21 जानेवारी 1950 रोजी लंडनमध्ये 46 व्या वर्षी तो गेला. शाळेवरचा लेख त्याच्या हयातीत छापलाच गेला नाही. 1952 मध्ये तो अमेरिकेत निघाला, तोही शाळेचे नाव बदलून. मुख्याध्यापकांच्या पत्नी 1967 मध्ये वारल्या आणि त्यानंतर 1968 मध्ये तो इंग्लंडच्या वाचकांपुढे आला.